पीएचडी झाली, आता कन्सल्टिंगमध्ये जाऊ का?

या वेळचं पत्र गोव्यातल्या डिचोली तालुक्यातून आलंय. मूळ पत्र मोठं आहे, त्यातला मुख्य भाग देते.

"ताई, माझं वय ३१. मांडवी आणि झुवारीच्या गाळातले धातू हा माझा पीएचडीचा विषय. प्रबंध दिलाय, व्हायवा (तोंडी परीक्षा) दोन महिन्यांवर आहे. मधे आमचं आयसीपी-एमएस (धातू मोजायचं उपकरण) चार महिने बंद होतं, म्हणून दुसऱ्या संस्थेत जाऊन नमुने केले, नाहीतर आधीच संपलं असतं. सर म्हणतात, परदेशात पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) कर. मला प्रयोगशाळेत आणखी पाच वर्षं काढायची नाहीत. एमएस्सीची मैत्रीण गुरुग्रामला कन्सल्टिंगमध्ये (कंपन्यांना सल्ला देण्याच्या कामात) आहे, ती म्हणते, तूही ये, फक्त केस इंटरव्ह्यूची, म्हणजे एखादा प्रश्न तिथल्या तिथे सोडवून दाखवायच्या मुलाखतीची, तयारी कर. तिनं पाठवलेला पहिलाच प्रश्न वाचून मी गार पडले : गोव्यात रोज किती मासळी खपते? माझी शाळा मराठी, इंग्रजी लिहिता येतं पण बोलताना अडखळते. बाबांचा ट्रक खाणीवर होता. २०१२ साली धंदा बसला, तेव्हापासून घर आईच्या मानधनावर आणि नंतर माझ्या फेलोशिपवर चाललं. ती आता संपली. एमबीए करावं लागेल का? इतकी वर्षं फुकट गेली का? सरांना काय सांगू? आणि गोव्यात राहून हे जमेल का?"

प्रिय मैत्रिणी,

मासळीपासून सुरुवात करूया. त्या प्रश्नानं तू गार पडलीस, याचं कारण मला कळतं. मीही प्रयोगशाळेतूनच कन्सल्टिंगच्या धंद्यात आले. आपल्याला सवय असते ती मोजून बोलायची. मोजलेलं नाही ते बोलायचं नाही, आणि बोललोच तर त्याला संदर्भ जोडायचा. इथे समोरचा माणूस म्हणतो, काहीच मोजू नकोस, पाच मिनिटांत आकडा सांग. आपल्याला ते अप्रामाणिक वाटतं. मग आपण गप्प बसतो.

तर आपण दोघी मिळून करू. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४.५८ लाख होती. आज १६ लाख धरू. घरात सरासरी चार माणसं, म्हणजे ४ लाख घरं. पाचातली चार घरं मासे खाणारी धरली तर ३ लाख २० हजार. पण रोज कुठे मासे शिजतात? कुणाचा सोमवार, कुणाचा गुरुवार, कुणाची संकष्टी, श्रावण तर सगळाच वजा. तेव्हा वर्षाची सरासरी काढायची तर निम्म्याच घरात चूल मासळीवर, म्हणजे १ लाख ६० हजार घरं. घरामागे अर्धा किलो : ८० टन. हॉटेलं, खानावळी आणि पर्यटकांचे ३० टन धर. रोजचे साधारण ११० टन झाले.

आता हे बरोबर कशावरून? दुसऱ्या बाजूनं तपासू. गोव्याची समुद्री मासळी वर्षाला लाखभर टनांच्या आगेमागे असते. म्हणजे दिवसाला साधारण २७० टन. आपला आकडा त्याच्या निम्म्याहूनही कमी आला. हे पटतं का? पटतं, कारण बरीच मासळी निर्यातीला आणि फिशमीलला जाते, आणि उलट मडगावच्या घाऊक बाजारात शेजारच्या राज्यांतून गाड्या येतातही. आकडा ११०० आला असता तर कुठेतरी शून्य जास्त पडलंय हे लगेच कळलं असतं. यावर मुलाखत घेणारा विचारेल, १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात, तेव्हाचं काय? तिथे सुकी मासळी, गोड्या पाण्यातली मासळी, बाहेरून येणारी मासळी असं तू बोलत गेलीस की झालं. त्याला ११० टन नको असतात. कुठलं गृहीत तू उघड सांगतेस, कुठलं लपवतेस, आणि तपासायला दुसरा रस्ता शोधतेस का, हे त्याला बघायचं असतं. आणि हे सगळं तुला येतं. ब्लँक, डुप्लिकेट, स्टँडर्ड हे मोजमाप तपासायचे नमुने चालवल्याशिवाय तू एकही आकडा प्रबंधात घातला नसशील.

बदलावी लागेल ती एकच सवय, आणि ती सोपी नाही. प्रबंधात निष्कर्ष शेवटच्या प्रकरणात येतो. इथे तो पहिल्या वाक्यात यावा लागतो. समज, खाजन शेतीच्या (खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीच्या) कुळांच्या असोसिएशननं तुला विचारलं, आमच्या शेतात खारं पाणी का शिरतं? संशोधक म्हणून तू आधी खाडीची भरती-ओहोटी सांगशील, मग मातीची क्षारता, मग बांधाची अवस्था, आणि चाळिसाव्या पानावर मानशीकडे, म्हणजे बांधातल्या पाणी अडवायच्या-सोडायच्या दाराकडे, येशील. सल्लागार म्हणून पहिलं वाक्य असं हवं : "पावसाळ्यापूर्वी मानशीची दारं बदला, बांधाचं काम त्यानंतर केलं तरी चालेल." मग का, मग खर्च किती, आणि माझं चुकत असेल तर ते कशावरून कळेल. ऐकणारा पहिल्या वाक्यानंतर उठून गेला तरी त्याच्या हाती काहीतरी पडलेलं असतं. रोज रात्री झोपण्यापूर्वी तुझ्या प्रबंधातलं एक प्रकरण घे आणि ते असं उलटं करून मोठ्यानं सांग. आईला सांग. इंग्रजीची भीतीही यातूनच जाईल, कारण बोलताना अडखळणारी बहुतेक माणसं भाषेपेक्षा वाक्य कुठून सुरू करायचं इथे अडखळतात. आधी मराठीत सांग, मग तेच इंग्रजीत. साधी, छोटी वाक्यं पुरतात.

आता मुख्य मुद्दा. "कन्सल्टिंग" म्हणताना तुझ्या डोळ्यासमोर मैत्रिणीचं गुरुग्राम आहे. पण या एका नावाखाली दोन फार वेगळे धंदे आहेत, आणि तुझ्यासाठी त्यातला दुसरा जास्त महत्त्वाचा आहे असं मला वाटतं.

पहिला मॅकिन्झी, बीसीजी, बेन यांचा. या कंपन्या अमेरिकेत आणि युरोपात एमबीए नसलेल्या पीएचडीवाल्यांना नियमित घेतात. भारतात त्यांची मोठी भरती आयआयएम, आयआयटी, आयएसबीच्या कॅम्पसवरून होते, बाहेरून थेट शिरणं अवघड जातं. गुरुग्रामला यांची नॉलेज सेंटरं, म्हणजे सल्लागारांना माहिती आणि विश्लेषण पुरवणारी केंद्रं, आहेत, तिथे विषयातल्या माणसांना जागा असते. तुझी मैत्रीण नेमकी कुठल्या बाजूला आहे ते तिला विचार, कारण दोन्हीकडचं काम, पगार आणि बढतीची वाट वेगळी असते. यांच्या जोडीला डेलॉइट, केपीएमजी, ईवाय, पीडब्ल्यूसी. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीनं २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून बाजारमूल्यानं पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना बीआरएसआर म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला. तेव्हापासून पाणी, कचरा, उत्सर्जन यांचे आकडे समजणारी माणसं या चारही कंपन्यांना लागतात. इथे तुझा अर्ज मैत्रिणीच्या ओळखीनं आत पोचू शकतो. जरूर कर.

एमबीएसाठी मात्र वीस-पंचवीस लाखांचं कर्ज काढू नकोस. घरची परिस्थिती तू लिहिली आहेस, त्यावर हे ओझं नको. तुला हिशेबाची भाषा यायला हवी, ताळेबंद वाचता यायला हवा, एवढं खरं. त्यासाठी दोन महिने आणि सरकारच्या स्वयम पोर्टलवरचा एखादा मोफत अभ्यासक्रम पुरतो.

दुसरा धंदा तुझ्या दारातला आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेपासून खाण, बंदर, मोठं बांधकाम, कारखाना अशा प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी लागते. त्यातल्या मोठ्या प्रकल्पांना त्यासाठी पर्यावरण आघात अहवाल, ज्याला सगळे ईआयए म्हणतात, तो द्यावा लागतो. तो कुणीही लिहून चालत नाही. नॅबेट या मान्यता मंडळाची मान्यता असलेल्या संस्थेनंच करायचा, आणि त्यात पाणी, हवा, जैवविविधता, भूजल अशा प्रत्येक विषयाचा मान्यताप्राप्त तज्ज्ञ नावानिशी आणि सहीनिशी असतो. आधी तिथे असोसिएट म्हणून लागायचं, अनुभव झाला की तज्ज्ञ म्हणून मान्यता मिळते. तुझ्या विषयाला इथे थेट किंमत आहे. सर्वोच्च न्यायालयानं ७ फेब्रुवारी २०१८ ला गोव्यातल्या ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं, डिसेंबर २०२२ पासून खाण ब्लॉकांचे लिलाव सुरू झाले आणि सुरुवात तुझ्याच तालुक्यापासून झाली. म्हणजे हे अहवाल आता तुझ्या घराभोवतीच्या डोंगरांवर लिहिले जात आहेत.

इथे एक गोष्ट नीट समजून घे. ती सांगण्यासाठीच मी हे पत्र निवडलं. या अहवालाचे पैसे प्रकल्पवालाच देतो. सल्लागार तो निवडतो, बिल तो भरतो, आणि अहवालात मात्र त्याच्याच प्रकल्पानं नदीचं, विहिरीचं, शेताचं काय होईल हे लिहायचं असतं. नियमच तसा आहे. त्यामुळे दबाव येतो आणि तो आरडाओरडा करून येत नाही. कुणी खोटं लिही म्हणत नाही. "मॅडम, हा परिच्छेद परिशिष्टात टाकूया का?" एवढंच म्हणतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीच्या अहवालातला मजकूर जसाच्या तसा उतरल्याचं प्रकरण पूर्वी गाजलं होतं. तिथवर कुणी एका दिवसात पोचत नाही. आधी एखादं वाक्य सौम्य होतं, मग एखादा तक्ता मागच्या अहवालातून येतो.

तुझ्या विषयातलंच उदाहरण घे. अहवालासाठी पाण्याचे नमुने सहसा एका ऋतूचे घेतात, पावसाळा सोडून, साधारण तीन महिन्यांचे. कागदोपत्री ते नियमात बसतं. पण मांडवी आणि झुवारी या नद्या पावसावर चालतात. उन्हाळ्यात खारं पाणी खूप आतवर चढतं, जून-जुलैत डोंगरावरचं लाल पाणी उतरतं आणि खाडी बऱ्याच ठिकाणी जवळजवळ गोडी होते. खाणीची माती नदीत येते ती त्याच दिवसांत. मार्च ते मेचे नमुने घेऊन "पाण्याची गुणवत्ता समाधानकारक" असं लिहिलं तर प्रत्येक आकडा खरा असेल आणि निष्कर्ष दिशाभूल करणारा. हे गोव्यात ज्या थोड्यांना स्वतःच्या हातांनी मोजून माहीत आहे, त्यांत तू आहेस. त्या पानाखाली तुझी सही असेल तर पावसाळ्यातले नमुने घ्यायला लावायची ताकद तुझ्याकडे असली पाहिजे. म्हणून मला वाटतं तू या कामात यावंस. चांगली माणसं लांब राहिली की सह्या करणारे दुसरे असतातच.

बाबांच्या ट्रकचं तू ओझरतं लिहिलंस, पण ते या सगळ्यापासून वेगळं नाही. खाण बंद झाली की घरात काय होतं हे तू पाहिलंयस, आणि खाण चालू असताना शेजारच्या शेतात काय उतरतं हे तुझ्या गाळानं तुला दाखवलंय. मंजुरीआधी लोकांचं म्हणणं ऐकायला जनसुनावणी होते, तिथे एका बाजूला ट्रकवाले उभे असतात, दुसऱ्या बाजूला शेतकरी. बऱ्याचदा ते एकाच वाड्यावरचे असतात. दोघांचंही ऐकून घेणारी तज्ज्ञ मी तरी फार कमी पाहिली.

तरीही पहिली दोन-तीन वर्षं गोव्याबाहेर काढ, असं मी आग्रहानं सांगेन. मुंबई, चेन्नई, हैदराबाद इथे किनारपट्टीवर आणि बंदरांवर काम करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्था आहेत. गोवा लहान आहे. तुझ्या पहिल्याच अहवालाचा प्रकल्पवाला बाबांच्या ओळखीचा निघेल, आणि नवशिकीला तिथे नाही म्हणणं जड जाईल. नाही म्हणायची सवय परक्या गावात लावून घे, मग परत ये. परत यायचं असतं तेव्हा बाहेर जाणं तितकं कठीण जात नाही. पगाराबद्दल स्पष्ट सांगते : छोट्या संस्थेत सुरुवात तुझ्या सीनियर फेलोशिपच्या ४२ हजारांहून खालीही होऊ शकते. मोठ्या कंपन्यांत ती बरीच वर असते. घरखर्चाची निकड असेल तर आधी मोठ्या कंपन्यांतल्या सस्टेनेबिलिटीच्या (बीआरएसआरसारख्या कामाच्या) नोकरीत जाऊन कर्जपाणी सावरणं आणि नंतर ईआयएकडे वळणं यात काहीही कमीपणा नाही. पहिली दोन वर्षं कोण कुठे काढतो हे पुढे कुणी विचारत नाही.

मुलाखतीत तूही दोन प्रश्न विचार. "प्रकल्प या जागी नको, असं तुम्ही कधी ग्राहकाला लिहून दिलंय का?" आणि "माझ्या प्रकरणातलं वाक्य मला न विचारता कुणी बदलू शकतं का?" उत्तराआधी समोरची माणसं एकमेकांकडे बघतात की सरळ बोलायला लागतात, तेवढ्यावरून तुला कळेल. नोकरीची गरज कितीही असली तरी हे विचार.

वर्षं फुकट गेली का, याचं उत्तर तुझ्याच पत्रात आहे. उपकरण चार महिने बंद होतं आणि दुसऱ्या संस्थेत जाऊन नमुने केले, हे तू तक्रारीच्या सुरात एका ओळीत उरकलंस. मी भरतीला बसले असते तर मला सगळ्यात आधी तेवढंच ऐकायचं असतं. कुणाकडे गेलीस, काय बोलून वेळ मिळवलास, नमुने खराब होऊ नयेत म्हणून काय केलंस, किती उशीर वाचला? तुझ्या सध्याच्या बायोडेटात बहुधा असं असेल : "मांडवी व झुवारी खाड्यांतील गाळातील जड धातूंचा भू-रासायनिक अभ्यास." त्याऐवजी लिही : "दोन खाड्यांवर ऋतूनुसार नमुने गोळा करण्याची मोहीम आखली; होडी, माणसं, भरतीच्या वेळा आणि खर्च सांभाळला; मुख्य उपकरण चार महिने बंद असताना दुसऱ्या संस्थेशी व्यवस्था लावून काम पूर्ण केलं." विषय तोच आहे, वाचणाऱ्याला माणूस दिसतो. बायोडेटा एका पानाचा कर. शोधनिबंधांची यादी वेगळ्या कागदावर, मागितली तर.

आता सर. व्हायवा होईपर्यंत थांब. मनात धरून ठेवायला कठीण जाईल, पण दोन महिन्यांचाच प्रश्न आहे आणि त्या काळात दोघांचंही लक्ष प्रबंधावर असलेलं बरं. पदवीचं तात्पुरतं प्रमाणपत्र हातात आलं की फोनवर नको, समोर जाऊन सांग. जाताना राहिलेल्या पेपरचा कच्चा मसुदा घेऊन जा आणि तो कुठल्या महिन्यापर्यंत पूर्ण करून देशील तेही सांग. विद्यार्थी निघून गेला की आकडे वहीत पडून राहतात, याचं गाइडला खरं दुःख असतं. ते रागावले तर रागावू दे. तू त्यांच्याकडे जे शिकलीस ते कुठे वापरणार आहेस, हे पावसाळ्यातल्या नमुन्यांच्या उदाहरणानं सांग. पाण्यावर आयुष्य घालवलेल्या माणसाला ते समजेल. शिफारसपत्र त्याच भेटीत मागू नकोस, आठवड्यानं माग.

आणि व्हायवापर्यंतचं एक काम. केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर ईआयए अहवाल कुणालाही वाचता येतात. तुझ्या तालुक्यातल्या एखाद्या खाण ब्लॉकचा अहवाल उतरवून घे. पाण्याचं प्रकरण वाच : नमुने कुठून घेतले, कुठल्या महिन्यात, दहा किलोमीटरच्या परिघातली कुठली नदी, कुठला नाला सुटला. मग दोन पानं लिही, पहिल्या वाक्यात निष्कर्ष. सोबत मराठी सारांश येतो, तोही बघ. जनसुनावणीआधी तो लोकांच्या हाती पडावा म्हणूनच असतो, आणि बऱ्याच वेळा तो अशा भाषेत असतो की शेतकऱ्याला त्यातलं एक अक्षर लागत नाही. एक परिच्छेद तू पुन्हा लिहून बघ, तुझ्या आईला कळेल असा. गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची सुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी निघते. जवळपास सुनावणी असेल तर जाऊन मागच्या रांगेत बस, बोलू नकोस, फक्त लोक काय विचारतात ते वहीत टिपून घे. त्यातले निम्मे प्रश्न पाण्याचे असतील.

ती दोन पानं नोकरीच्या अर्जाला जोड. आधी मला पाठवलीस तर मी वाचून, पेन्सिलीनं खुणा करून परत पाठवीन.